रुपयाचा मुक्काम

(पेण येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे ते गुरुजी सातवीत आम्हाला गणित शिकवायचे. पाण्याच्या टाकीची उदाहरणं त्यांच्या विशेष आवडीची. दोन नळ टाकी भरतात, एक गळतो, तर टाकी किती वेळात भरेल? उत्तर जमलं की आम्ही पाटी खाली ठेवायचो. गुरुजी मात्र फळ्यावरच्या गळक्या नळाखाली खडूनं एक बाण काढायचे आणि विचारायचे, "हे पाणी गेलं कुठे?" पुस्तकात याचं उत्तर नसे. कोणाच्या वाफ्यात गेलं, कोणाच्या ओट्याखाली मुरलं, असं आम्ही सुचेल ते सांगायचो आणि ते सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. पुढे मी अर्थशास्त्र शिकलो, बरीच वर्षं शिकवलंही. पर्यटनाच्या अर्थशास्त्रात 'गळती' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो खडूचा बाण आठवला. आज त्यांच्या स्मृतिदिनी मी त्या बाणाबद्दलच बोलणार आहे.

पर्यटनाची चर्चा निघाली की आपण माणसं मोजतो. सुट्टीत किती आले, किती गाड्या आल्या, किती खोल्या भरल्या. मोजणी चूक नाही, अपुरी आहे. मला मोजायचा आहे तो रुपया, आणि तोही नुसता आलेला नव्हे, राहिलेला. शनिवारी सकाळी पर्यटकाच्या खिशातून आपल्या तालुक्यात आलेला रुपया रविवारी रात्री कोणाच्या घरी मुक्कामाला असतो? माझा सगळा विषय या एका प्रश्नात आहे.

पाहुण्याच्या पैशावर जगणं कोकणाला नवं नाही. फक्त त्या पाहुण्याला आपण पर्यटक म्हणत नव्हतो, चाकरमानी म्हणत होतो. गणपतीला, शिमग्याला तो गिरणगावातून यायचा, पत्र्याची ट्रंक उतरवायचा, घरचं शाकारून द्यायचा, दुकानाची उधारी फेडायचा आणि परत जायचा. वर्षाचे उरलेले महिने त्याच्या जागी पोस्टमन यायचा. मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणून कोकणाला हिणवलं गेलं. पण त्या मनीऑर्डरीकडे अर्थशास्त्राच्या नजरेनं पाहा. रुपया मुंबईत मिळवलेला आणि उतरला कुठे, तर थेट आईच्या पदराच्या गाठीला. तिथून तो गावच्या वाण्याकडे, सुताराकडे, शिंप्याकडे गेला. चार हात फिरल्याशिवाय तो गाव सोडत नसे. १९८२च्या गिरणी संपानंतर ती गाठ सुटली. आज त्याच वाटेनं पर्यटक येतो, चाकरमान्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे घेऊन येतो. पण त्याचा रुपया गावात उतरतोच असं नाही.

जगाचा आवाका नुसता डोळ्यांपुढे असावा म्हणून सांगतो. १९५० साली जगभरात मिळून सुमारे अडीच कोटी आंतरराष्ट्रीय प्रवासी होते. २०१९ साली ते दीडशे कोटींच्या जवळ पोहोचले. स्वातंत्र्य मिळालेल्या गरीब देशांना साठ-सत्तरच्या दशकांत सांगितलं गेलं की तुमच्याकडे कारखाने नसले तरी ऊन आहे, समुद्र आहे, देवळं आहेत, तीच विका आणि परकीय चलन मिळवा. जागतिक बँकेनं यासाठी कर्जंही दिली. आणि मग त्याच बँकेनं युनेस्कोबरोबर १९७६ साली एक परिषद भरवली. तिच्यातून इमॅन्युएल डी काट यांनी संपादित केलेलं पुस्तक १९७९ साली आलं, 'टुरिझम : पासपोर्ट टू डेव्हलपमेंट?' शीर्षकातलं ते प्रश्नचिन्ह फार महत्त्वाचं आहे. बेटांवर हॉटेलं उभी राहिली होती, विमानं भरून येत होती. पण हॉटेल परदेशी, विमान परदेशी, ताटातलं लोणीसुद्धा परदेशी. स्थानिकांच्या वाट्याला आला तो पगार, आणि तोही हंगामापुरता. ही झाली गळती. ती बेटं आपल्यापासून हजारो मैल दूर आहेत, पण त्यांचं गणित कोलाडच्या नाक्यावर जसंच्या तसं मांडता येतं.

चला कोलाडला.

कुंडलिका नदीवर सकाळी साजे गावाशी उभं राहा. पाणी येण्याआधी नदी हडकलेली असते. गोटे उघडे, मधून एखादी धार, डबक्यात मासे. काठावर रबरी होड्या उपड्या पडलेल्या, शिरस्त्राणांची रास, जॅकेटं घालून बसलेली मुंबई-पुण्याची मुलं. सगळ्यांचं लक्ष नदीच्या वरच्या वळणाकडे. मग आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं वारा सुटला. वळणावर पाण्याचा रंग बदलतो, गोटे एकेक करून बुडतात आणि पंधरा-वीस मिनिटांत जिथे पायी ओलांडता आलं असतं तिथे होडी उलटवेल असा ओघ लागतो. वाटाडी पोरं शिट्टी मारतात, होड्या पाण्यात पडतात. ऐन वैशाखात, जेव्हा सह्याद्रीच्या या बाजूच्या नद्या आटलेल्या असतात, तेव्हाही ही नदी रोज भरते.

हे पाणी कुठलं? ते मुळशीचं आहे. मुळा नदी मुळात पूर्वेकडे वाहणारी, भीमेला मिळून पुढे बंगालच्या उपसागराला जाणारी. टाटांनी तिच्यावर धरण बांधलं, पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला वळवलं, सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर पाडलं आणि १९२७पासून ती वीज मुंबईला जाऊ लागली. वीज करून झाल्यावर सुटलेलं पाणी म्हणजे आपली भरलेली कुंडलिका. त्या धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या मावळ्यांनी १९२१च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, सत्याग्रह सुरू केला. सेनापती हे नाव बापटांना त्याच लढ्यानं दिलं. धरणाविरुद्धचा जगातला हा फार आरंभीचा लढा. तो हरला. मुळशीची गावं पाण्याखाली गेली. शंभर वर्षांनंतर त्याच पाण्यावर होडीत बसून कोणी आनंदानं ओरडतो, आणि त्याच्या हातात वल्हं देणाऱ्याला किंवा त्याला स्वतःला यातलं काही कोणी सांगितलेलं नसतं. होडी सोडण्याआधी सुरक्षेच्या सूचना देतात त्याच दमात पाच मिनिटं ही गोष्ट सांगायला काय हरकत आहे? मी हे हौसेपोटी म्हणत नाही. गोष्ट सांगता येणारा माणूस गावचाच लागतो, आणि बाहेरून आणलेल्या होडीपेक्षा गावच्या माणसाचं मोल वाढवणारी तीच एक वस्तू आहे.

या नदीचं पुढचं काम पर्यटकाला दिसत नाही. खाली डोलवहालच्या बंधाऱ्यावर तेच पाणी अडतं आणि कालव्यानं रोहे तालुक्यातल्या भातशेतीला जातं. आणखी पुढे धाटावची औद्योगिक वसाहत, मग रोहे-अष्टमी, मग खाडी, रेवदंड्याला समुद्र. एकाच पाण्यावर वीज, होडी, उन्हाळी भात, रसायनांचे कारखाने. यांतला सगळ्यात कमी बोलणारा भागीदार शेतकरी आहे आणि सगळ्यात खाली राहणारा कोळी.

कोलाडात पर्यटनानं काही दिलं नाही असं मी म्हणणार नाही, तो खोटेपणा होईल. होडी चालवण्याचं कसब बाहेरून आलेल्या वाटाड्यांकडून आपल्या पोरांनी उचललं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा आठ जणांचा जीव हातात घेऊन त्या ओघातून होडी काढतो तेव्हा ती नोकरी नसते, विद्या असते. बारावीनंतर ज्याला नवी मुंबईतल्या वाशीच्या मॉलमध्ये दारावर उभं राहावं लागलं असतं तो आज घरून कामाला जातो. याची किंमत पैशात सांगता येत नाही.

पण होडीतून उतरल्यावर पर्यटक जातो कुठे? रिसॉर्टमध्ये. आता आपण त्याच्या रुपयामागे चालत जाऊ. खोली त्यानं फोनवरच्या अॅपवरून घेतली, तिथे पहिला तुकडा निघाला, तो गावात आलाच नाही. मालक मुंबईचा किंवा पुण्याचा, नफा त्याच्या खात्यात. कोंबडी कंपनीच्या गाडीनं आली, भाजी वाशीच्या बाजारातून, पनीर कुठूनसं गोठवलेलं. गावात भोपळा-पडवळ नव्हते असं नाही, पण चाळीस माणसांच्या जेवणाला एकसारखा माल, वेळेवर, पावतीसह देणारं गावात कोणी नव्हतं. चादरी धुवायला बाहेर गेल्या. शेवटी गावात राहिलं काय? वाढप्याचा, माळ्याचा, झाडणाऱ्या बाईचा, राखणदाराचा पगार. आणि कचरा. तो मात्र पूर्णपणे स्थानिक.

जमिनीचा प्रश्न याहून खोल आहे. कुळकायद्यानं शेतजमीन बिगरशेतकऱ्याला घेता येत नाही. तरीही नदीकाठचे सातबारे कसे बदलले हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, मी ते व्यासपीठावरून सांगायला नको. विकणाऱ्याला दोष देणं मला पटत नाही. मुलीचं लग्न, आईचं आजारपण, भातात न उरणारा पैसा, या सगळ्याला एकच उत्तर हाताशी होतं. विकणाऱ्याच्या घरातला मुलगा त्याच जागेवर माळी म्हणून लागलेला मी पाहिला आहे. कलमं त्याच्या वडिलांनी लावलेली, पाणी तोच घालतो. आंबा उतरवायला आता फोन करून विचारावं लागतं. अर्थशास्त्रात याला भांडवलाचं हस्तांतर म्हणतात. विक्रीचा पैसा एकदाच येतो, भाडं मात्र दर शनिवारी येतं. शनिवारचा पैसा कोणाकडे जाणार हे जमिनीच्या कागदावर सही झाली त्या दिवशीच ठरलेलं असतं.

आता पोपटीचं सांगतो, कारण तिच्यात चांगलं आणि वाईट दोन्ही फार जवळून दिसतं. वालाच्या शेंगा भरल्या, थंडी पडली की शेतात मडकं लावायचं ही आपली रीत. तळाला भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, जाडं मीठ, ओवा, अंडी, कोंबडी, वर पुन्हा पाला, आणि उपडं मडकं जाळात. पाणी एक थेंब नाही. पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं. मडकं कधी काढायचं हे घड्याळ सांगत नाही. म्हातारा माणूस त्यावर पाण्याचे चार थेंब उडवतो आणि आवाजावरून ओळखतो. आता पोपटी फोनवर मागवता येते. ज्या घरी शेंगा स्वतःच्या वावरातल्या, मडकं पेणच्या कुंभाराचं, पाला कातकरी वाडीतल्या बाईनं आणलेला आणि जाळापाशी घरचा म्हातारा, तिथे एका मडक्याचा पैसा चार उंबऱ्यांवर थांबतो. आणि मी अशीही पोपटी पाहिली आहे जिच्या शेंगा बाजारातून गोणीनं आल्या, कोंबडी कंपनीची, गावचा म्हणून फक्त पाला, तोही फुकट तोडलेला. पर्यटकाला दोन्हींची चव सारखीच लागली असेल. गावाला नाही लागली.

इथे कातकऱ्यांबद्दल दोन शब्द. सरकारी यादीत हा समाज विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतो. पावसाळ्यात रस्त्याकडेला कुर्डू, शेवळं, खेकडे घेऊन बसलेल्या त्या बाया, दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली त्यांची घरं. रानातली प्रत्येक पायवाट, प्रत्येक कंद त्यांना ठाऊक. सुरगड, अवचितगड, घोसाळगड चढायला येणाऱ्यांच्या पुढे चालण्याचा पहिला मान त्यांचा असायला हवा, ठरलेल्या दरानं आणि ओळखपत्रासह. पलीकडे भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्यावर दर पावसाळ्यात प्रशासनाला बंदी घालावी लागते, कारण माणसं बुडाली. डोहाची खोली ज्याला ठाऊक तो वाटेवर हवा होता. कित्येकदा तो नव्हता.

आता आपण इथे, पेणला येऊ. मला वाटतं पेणनं जगाला एक उलटं पर्यटन शिकवलं आहे. इतरत्र माणूस देवाकडे जातो आणि देवाच्या गावचं पोट चालतं. पेणमधून देव माणसाकडे जातो, आणि गावचं पोट तरीही चालतं. दरवर्षी लाखोंनी मूर्ती इथून निघतात. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात विसर्जनानंतर महिनाभरातच पुढच्या वर्षाचं काम लागतं. परदेशी जाणाऱ्या मूर्ती उन्हाळ्यातच बोटीवर चढतात. पेणच्या गणेशमूर्तीला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. शाडू गुजरातेतून येते, प्लास्टर राजस्थानातून, रंग मुंबईहून, म्हणजे गळती इथेही आहे. पण हाताची किंमत पेणमध्येच राहते.

जोह्यातल्या एका कारखान्यात मी आखणी पाहत बसलो होतो. आखणी म्हणजे डोळे उघडणं, सगळ्यात शेवटचं काम. मूर्ती सांगाड्यावर ओळीनं मांडलेल्या, सगळ्या रंगून तयार, पितांबर सोनेरी, आणि सगळ्या आंधळ्या. करणारी बाई चाळिशीची असेल. तिनं आधी पांढरं भरलं, ते सुकू दिलं, मग बुबुळ, मग वरच्या पापणीची एक लांब रेघ, श्वास रोखून, मनगट मूर्तीच्या गालाला न लागू देता. दारात चार पाहुणे फोटो घ्यायला उभे राहिले तशी ती मान न वळवता म्हणाली, "उजेड सोडा, दादा." ते बाजूला झाले. पाच मिनिटांनी निघूनही गेले. त्यांनी तिकीट काढलं नव्हतं, मूर्ती घेतली नव्हती, रस्त्यावर गाडी लावून आले होते. ती नगावर काम करते. तिच्या उजेडात उभं राहण्याचे पैसे तिला कोणी दिले नाहीत, आणि मागावेत असं तिच्या मनातही आलं नाही.

आणखी एक गोष्ट इथल्या कारखानदारांना मनापासून सांगायची आहे. या पट्ट्यातून कच्च्या मूर्ती फार जातात. न रंगवलेली मूर्ती टेम्पोत भरून दुसऱ्या शहरात जाते, तिथे रंगते, तिथेच आखली जाते. म्हणजे मूर्तीचं सगळ्यात जड काम आपण करतो आणि सगळ्यात मोलाचं काम बाहेर पाठवतो. आखणीची मजुरी मूर्तीबरोबर टेम्पोत बसून जाते. प्लास्टरच्या मूर्तींवरच्या बंदीच्या वादाची टांगती तलवार तर वेगळीच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियम मे २०२०चे, मग मुदतवाढ, जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाची सक्ती, जूनमध्ये मूर्ती घडवायला मोकळीक पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मनाई. वर्षभर आधी माल घडवणाऱ्या माणसानं अशा धरसोडीत भांडवल कुठे घालावं? नदी स्वच्छ राहायलाच हवी, यात माझ्या मनात शंका नाही. पण शाडूच्या मूर्तीला वेळ जास्त लागतो, ती जड, वाहताना फुटते, तिला सुकायला ऊन लागतं. शाडूकडे वळायचं तर गोदामं आणि हंगामाआधीचं कर्ज यांची तजवीज आधी व्हावी, आणि ती करण्याचं काम एकेकट्या कारागिराचं नाही. शाडूचं काम शिकायला मात्र माणसं पैसे देऊन येतील, दोन दिवस राहतील, पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घेऊन परत जातील. मूर्तिकाराच्या घरी दोन दिवस राहून स्वतःचा गणपती घडवून नेणारा पाहुणा, हा मला कुठल्याही तरणतलावाच्या रिसॉर्टपेक्षा पेणला शोभणारा पर्यटक वाटतो.

तरणतलावाचा उल्लेख आला म्हणून थांबतो. याच तालुक्यात हेटवणे धरण आहे. त्याचं पाणी नवी मुंबईला जातं. आणि याच तालुक्यात वाशी-शिर्कीचा खारेपाट आहे, जिथल्या बाया उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. याच धरणाच्या लाभक्षेत्रातली २२ गावं सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, जाणार होती, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ला पेणनं जनमत नोंदवलं. देशाला त्या दिवशी पेणची ओळख झाली. त्या लढ्यानं आपल्याला एक हक्काचा प्रश्न दिला : आमच्या पाण्या-जमिनीचं काय करायचं हे आम्हाला विचारलं का? पर्यटनाला हाच प्रश्न आपण अजून विचारलेला नाही. सेझ एका दिवसात, एका नावानं आलं, म्हणून दिसलं. पर्यटन गुंठ्या-गुंठ्यानं येतं.

आणि ते आता फार वेगानं येणार आहे. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतू खुला झाला. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. मुंबई आपल्या दारात आली. पण रस्ता माणूस आणतो तसा नेतोही. वडखळ नाक्याचं पाहा. अलिबागचा आणि गोव्याचा फाटा फुटायचा ती जागा. एसटी थांबायची, गाड्या थांबायच्या, चहा, वडे, काकड्या, पांढऱ्या कांद्याच्या माळा, शेकडो घरं त्या दहा मिनिटांच्या थांब्यावर जगत होती. मग वळणरस्ता झाला, मार्च २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट माणूस बोटीनं जाऊ लागला, आणि नाक्यावरची गर्दी पांगली. गोव्याच्या महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर रुंदीकरण २०११ला सुरू झालं. त्याच्या खड्ड्यांत किती हंगाम गेले ते दुकानदारांना विचारा. १९८६मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत आली, पुढे कोकण रेल्वेचा आरंभबिंदू रोहे झालं, १९९८ला गाडी थेट मंगळूरकडे धावू लागली. आरंभबिंदू म्हणून रोह्याचं नाव पुस्तकात आहे, पण लांबच्या गाड्यांतल्या बहुतेकांना रोहे खिडकीतून दिसतं तेवढंच.

खरं तर रोह्यात थांबावं असं किती आहे! दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. ती पालखी प्रत्येक आळीत जाते, कोणालाही वगळत नाही. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म रोह्याचा, १९२०चा. त्यांच्या स्वाध्याय परिवाराची माणसं त्या ओढीनं येतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचं घराणं रोह्याचं. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. इकडे पेण तालुक्यात गागोदे, विनोबांचं जन्मगाव. तिजोरी सांभाळणारा एक आणि भूदान मागणारा एक, दोघे एकमेकांपासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावरच्या गावांतले आणि जेमतेम चार महिन्यांच्या फरकानं जन्मलेले. विनोबा सप्टेंबर १८९५चे, देशमुख जानेवारी १८९६चे. एखादा शिक्षक एका दिवसात मुलांना या दोन गावांतून हिंडवून आणू शकेल. अशी सहल मी तरी अजून पाहिलेली नाही.

मग करायचं काय? मी धोरणकर्ता नाही, पण दोन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. पहिली कराची. भूताननं १९७४ साली दार उघडलं तेव्हापासून पाहुण्याची किंमत ठरवून ठेवली. आज भारतीय पाहुण्यालाही रात्रीचे १,२०० रुपये सरकारला द्यावे लागतात, आणि तो पैसा आरोग्य-शिक्षणाकडे जातो. कोणी म्हणेल, तो देश आहे, आपण गाव. पण आपल्याच जिल्ह्यात माथेरानला दस्तुरी नाक्यावर प्रत्येक प्रवाशाकडून कर घेतात, आणि म्हणून माथेरानला जायचं कोणी सोडलेलं नाही. ग्रामपंचायत अधिनियमात यात्रा कराची तरतूद १९५८पासून आहे. नदीकाठच्या, धबधब्याखालच्या पंचायतींनी ती एकत्र बसून वाचावी. गोळा झालेल्या पैशाचा फलक दर महिन्याला नाक्यावर लागावा. दुसरी गोष्ट भाजीची. रिसॉर्टला गावातून एकसारखा, पावतीचा माल मिळत नाही ही तक्रार खरी आहे, आणि ती दूर करणं बचत गटांच्या आवाक्यात आहे. पेणच्या पोहे-पापडवाल्या बायांनी हे पिढ्यांपूर्वी करून दाखवलं. त्यांचा माल मुंबईनं मागून घेतला, कोणी अनुदान दिलं म्हणून नव्हे.

बाईच्या कामाचा हिशेब यात विसरला जातो, तो सांगून मी आवरतो. कोलाडजवळचा माझा एक जुना विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. रस्त्यालगत दीड एकर, गिऱ्हाईक घरी येऊन बसलेलं. "सर, विकू की खोल्या बांधू?" आम्ही संध्याकाळभर कागदावर आकडे मांडले. विकून येणारी रक्कम मोठी होती, फार मोठी. मी त्याला नको विकू असं म्हणालो नाही, तो अधिकार माझा नाही. मी फक्त दर शनिवारचा रकाना वेगळा आखून दिला. त्यानं दोन खोल्या बांधल्या, पर्यटकांसाठीच्या निवास-न्याहारी योजनेचे कागद मिळवले. जेवणाची बाजू आईनं घेतली. पहिल्या हिशेबात त्यानं तांदूळ, तेल, गॅस, वीज सगळं लिहिलं होतं. आईची मजुरी नव्हती. मी विचारलं तेव्हा तो गप्प झाला. पुढच्या वेळी वहीत तिच्या नावाचा रकाना होता आणि पोस्टात तिच्या नावाचं खातं.

वालाचं बिरडं ही तिची खासियत. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, वाल आदल्या दिवशी भिजवून भागत नाही. भिजायला एक रात्र, मोड यायला एक दिवस, आणि मग बसून एकेक दाणा सोलायचा. परवा त्याचा फोन आला. शनिवारी सहा जण येतो म्हणाले होते, आता नक्की सांगत नाहीत, आणि आई विचारते आहे, गुरुवारी वाल किती भिजवू?